नाताळचं झाड सजवणं: सगळ्या घराचा कार्यक्रम कसा होईल?

चांदणवेल

नाताळचं झाड बऱ्याच घरांत एकाच माणसाचं काम होऊन बसतं. बहुधा आईचं. मुलं झोपली की ती खोकं उघडते, फांद्या मोकळ्या करते, दिव्यांचा गुंता सोडवते, गोळे अंतर राखून टांगते. सकाळी बाकीचे "अरे वा, छान झालंय" म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. झाड सुरेख असतं, पण त्यात घरातल्या बाकी कुणाचं काहीच नसतं. मोठेपणी त्या मुलांना त्या झाडाचं काय आठवणार?

म्हणून हा धागा काढतेय. झाड सजवणं हा दरवर्षीचा, सगळ्यांनी वाट बघावी असा कार्यक्रम कसा करता येईल, तुम्ही काय करता, काय जमतं, काय जमत नाही ते लिहा.

आमच्याकडे एक नियम कडक आहे. मुलाने जे जिथे टांगलं ते तिथेच राहणार. चार वर्षांच्या मुलाचा हात जेमतेम पोहोचतो त्या एकाच फांदीवर सहा-सहा गोळे लागतात, फांदी वाकून जमिनीला टेकते आणि वरचा अर्धा भाग बोडका राहतो. राहू दे. रात्री आपण गुपचूप ते 'नीट' केलं तर सकाळी मुलाला पहिल्या नजरेत कळतं, कारण त्याला त्याची फांदी पाठ असते. मग पुढच्या वर्षी ते गोळा हातात घेऊन "हा कुठे लावू?" असं विचारत उभं राहतं. हा प्रश्न आला की समजावं, झाड पुन्हा एकट्या आईचं झालं.

दुसरं म्हणजे दिवस ठरलेला हवा. आम्ही आगमनकाळाचा पहिला रविवार धरतो. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजले की तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कुठेतरी येतो. त्या दिवशी दुसरं काही ठरवायचं नाही. "बघू, या आठवड्यात कधीतरी करू" म्हटलं की २३ तारखेच्या रात्री तेच जुनं चित्र.

फांद्या उकलणं आणि दिवे गुंडाळणं ही दोन वेळखाऊ कामं आदल्या रात्री मोठ्यांनी उरकून टाकावीत. लहान मुलांचा उत्साह तासभर टिकतो. तो तास गुंता सोडवण्यात गेला तर गोळे बाहेर येईपर्यंत भांडणं सुरू झालेली असतात.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात आवडतं: दरवर्षी घरातल्या प्रत्येकाने झाडाला एकच नवी वस्तू द्यायची. विकतची, घरी केलेली, सापडलेली, कशीही चालेल. तिच्या मागे नाव आणि साल लिहायचं. बाकी सगळं जुनंच वापरायचं. खोकं उघडलं की निम्मा वेळ "हे कुणी केलं होतं?" यातच जातो, आणि खरा कार्यक्रम तोच असतो.

अबोली

फार छान विषय, चांदणवेल. मागे साल लिहायची कल्पना उचलतेय.

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. धाकटा सहा वर्षांचा, त्याला झाड म्हटलं की उड्या. थोरली चौदाची. ती खोलीतून बाहेरच येत नाही. "तुम्ही करा, मी नंतर बघते." ओढून आणलं तर तोंड पाडून बसते आणि धाकट्याचाही विरस होतो. या वयाला काय करावं?

भटक्या

अबोली, मी शाळेत या वयाच्या मुलांना शिकवतो. अनुभव असा की सगळ्यांबरोबर बसून गोळे टांगणं त्यांना लहान मुलांचं काम वाटतं. त्यांना काम हवं, पण मोठ्यांच्या दर्जाचं आणि ज्यात कुणी लुडबुड करणार नाही असं. दिवे पूर्ण तिच्यावर सोपवून बघा. आदल्या रात्री, तिच्या सोयीने. दिवे नीट लावणं हे खरंच कौशल्याचं काम आहे. प्लगचं टोक सॉकेटजवळ ठेवून खालून सुरुवात करायची, आणि माळ नुसती बाहेरून गोल न फिरवता प्रत्येक फांदीवर बुंध्यापासून टोकापर्यंत नेऊन परत आत आणायची. आतल्या दिव्यांमुळे झाडाला खोली येते. बाहेरून गुंडाळलेलं झाड दोरीने बांधल्यासारखं दिसतं. लावण्याआधी माळ जमिनीवर पसरून एकदा पेटवून बघायची, वायर कुठे सोलली असेल तर ती माळ सरळ टाकून द्यायची. हे सगळं तिला एकदाच सांगा आणि तिथून निघून जा.

रात्री झोपताना दिवे बंद करण्याची जबाबदारीही तिचीच ठेवा.

उंबरठा

धागा आवडला, पण मी थोडा विरुद्ध बाजूने बोलणार.

मला दोन रंगांत सजवलेलं, शांत दिसणारं झाड मनापासून आवडतं. ते दिवसभर बैठकीत समोर असतं, महिनाभर असतं. त्यात मला खरा आनंद मिळतो, दिखावा म्हणून करत नाही. मग घरातल्या मोठ्या माणसाच्या आवडीला काहीच जागा नाही का? आम्ही मुलांच्या खोलीत वेगळं लहान झाड ठेवतो. ते संपूर्ण त्यांचं. बैठकीतलं माझं आणि बायकोचं. सगळे खूश आहेत.

चांदणवेल

उंबरठा, तुमच्या आनंदाबद्दल शंकाच नाही. पण मला त्या विभागणीत एक गोष्ट खटकते. पाहुणे बसतात तिथे मोठ्यांचं झाड आणि आतल्या खोलीत मुलांचं, यातून मुलांना असं वाटू शकतं की आपण केलेलं बाहेर मांडण्याजोगं नाही. लहान असताना खूश असतात, पण आठ-नऊ वर्षांची झाली की हे बरोबर टिपतात.

एक मधला मार्ग सुचवते. रंगाची शिस्त पायाला लावा: दिवे एकाच रंगाचे (पिवळसर पांढरे सगळ्यात सोपे), वरपासून खालपर्यंत जाणारी रिबीन एकाच रंगाची, आणि झाडाच्या बुंध्याशी गुंडाळायचं कापडही त्याच रंगाचं. वर काहीही टांगा. कागदाची मासोळी, आईस्क्रीमच्या काड्यांचा तारा, गळक्या रंगाचा सांताक्लॉज, सगळं त्या एका रंगात सामावून जातं. करून बघा, तुमच्या डोळ्यालाही बरं वाटेल.

उंबरठा

आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा मुद्दा पटला. माझी मोठी आता सातची आहे. रिबिनीचं या वर्षी करून बघतो. लहान झाड मात्र राहू देणार, ते त्यांना हवंच आहे.

जुनीपाने

थोडी इतिहासाची भर घालतो, कारण या वादाला तो थेट लागू आहे.

आता फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरातलं १६०५ सालचं एक वर्णन आहे. लोक घरात सूचिपर्णी झाडं उभी करत आणि त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेच्या वस्तू टांगत. म्हणजे सुरुवातीची सजावट घरात होतं तेच होती. दुकानातल्या सजावटीचं झाड त्यामानाने फार अलीकडचं. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातलं लाउशा हे काचकामाचं गाव. तिथे एकोणिसाव्या शतकात फुगवलेल्या काचेचे गोळे होऊ लागले, आणि तो धंदाही घरगुतीच होता, घरातले सगळे हात त्याला लागत. १८८०च्या दशकात वूलवर्थ या अमेरिकन दुकानदाराने ते अमेरिकेत नेऊन विकायला सुरुवात केल्यावर तिथे त्यांचा प्रसार झाला.

राजघराण्याने पायंडा पाडला असं म्हणतात ते १८४८मुळे. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये राणी व्हिक्टोरिया, तिचा नवरा अल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापून आलं आणि इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय घरांत झाड शिरलं. त्या चित्रात झाडाइतकंच महत्त्व सभोवती जमलेल्या कुटुंबाला आहे, हे मला नेहमी विशेष वाटतं.

आता वादाचा मुद्दा. अनेक जर्मन घरांत मुलांना झाड सजवू देतच नसत. मोठी माणसं बंद दाराआड सजवत, २४ तारखेच्या संध्याकाळी मेणबत्त्या पेटवून घंटा वाजवत, आणि मग दार उघडे. मुलांनी ते झाड तोवर पाहिलेलंच नसे. फांद्यांवर खऱ्या मेणबत्त्या असल्याने पाण्याची बादली जवळ ठेवावी लागे, तेव्हा मुलांना लांब ठेवण्यात शहाणपणही होतं. विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले होते.

तर चांदणवेल, बंद दाराआडचं झाडही परंपराच आहे, आणि त्यातली वाट पाहण्याची गंमत तुमच्या पद्धतीत हरवते असं मला वाटतं.

चांदणवेल

किती सुंदर माहिती! कागदाचे गुलाब या वर्षी नक्की.

वाट पाहण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ती आम्ही थोडीशी राखतो. सजावट सगळ्यांनी मिळून करायची, पण शेंड्यावरचा तारा त्या दिवशी लावायचा नाही. तो २४च्या संध्याकाळी, घरातले सगळे दिवे मालवून. तारा लावण्याचा मान पाळीपाळीने मिळतो आणि पाळी कुणाची ते ताऱ्याच्या डब्याच्या झाकणावर आतून लिहिलेलं असतं, त्यामुळे वाद नाही. मुलं महिनाभर तो रिकामा शेंडा बघून विचारत राहतात.

रानपाखरू

लहान बाळ किंवा मांजर असलेल्या घरांसाठी थोडं लिहिते, मी दोन्हीतून जातेय.

खालच्या दोन हातांपर्यंत काचेचं काही नको. तिथे कापडाचे, लाकडाचे, लोकरीचे दागिने लावा, आणि तारेच्या हुकाऐवजी दोऱ्याचा फास घाला. दीड वर्षांच्या बाळाला तो सगळा खालचा भाग मोकळा सोडता येतो. ते काढतं, पुन्हा अडकवायचा प्रयत्न करतं, त्याची सजावट रोज चालू असते. रिमोटमध्ये वगैरे वापरायच्या चपट्या गोल बॅटऱ्या असलेले चमचमते दागिने मात्र बाळाच्या घरात आणूच नका, ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका जळते.

मांजर असेल तर चांदीसारख्या झिरमिळ्या पूर्ण बंद. मांजर त्या गिळतं आणि आतडं त्या धाग्यावर गोळा होतं, शस्त्रक्रियेची वेळ येते. झाडाचा शेंडा बारीक मासेमारीच्या दोऱ्याने भिंतीतल्या किंवा छतातल्या हुकाला बांधा, लांबून दिसतही नाही. पहिले दोन-तीन दिवस नुसतं झाड उभं ठेवा. मांजराची उत्सुकता ओसरली की मग सजवा.

तिन्हीसांज

मी लिहू की नको या विचारात होते.

बाबांचा एक लाकडी घोडा आहे. लाल रंग उडालेला, मागचा एक पाय चिकटवलेला, चिकटवल्याचा पिवळा डाग दिसतो. तो तेच टांगायचे, दरवेळी डाव्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून. ते गेले त्या वर्षी खोकं उघडल्यावर तो घोडा वरच निघाला आणि आम्ही कुणीच त्याला हात लावेना. आईने तो उचलला, माझ्या भाच्याच्या हातात दिला आणि "आजोबा कसा लावायचे दाखव" म्हणाली. त्याला बरोबर माहीत होतं. खिडकीकडे तोंड.

चांदणवेल ज्या जागांबद्दल लिहिते ते मला म्हणून इतकं पटतं. ज्यांच्या घरी या वर्षी कुणी कमी झालंय त्यांनी झाड लावावं की नाही हे त्यांनीच ठरवावं, त्यात बाहेरच्यांनी सल्ला देऊ नये. पण लावलं तर त्या माणसाची वस्तू खोक्यात दडवून ठेवू नका. कुणी लावायची ते आधी ठरवा, म्हणजे ऐनवेळी सगळे अवघडत नाहीत.

अबोली

तिन्हीसांज, लिहिलंत ते फार बरं केलंत.

कोपरा

आमची भावंडं तीन वेगवेगळ्या देशांत आहेत. सगळ्यांनी एकत्र जमणं वर्षानुवर्षं होत नाही. म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकतो: या वर्षी कुणी कुणाच्या झाडासाठी वस्तू करून पाठवायची. पोस्टाने जाते, म्हणून सपाट आणि न फुटणारी हवी. ऑक्टोबरमध्येच पाठवावी लागते. पाकीट आधी उघडायचं नाही, व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर उघडायचं आणि तिथल्या तिथे टांगायचं. सगळं झाड सजेपर्यंत कॉल चालू ठेवण्याचा अट्टहास नको. वेगवेगळ्या वेळांमुळे कुणीतरी पेंगत असतं आणि मुलं कंटाळतात. पाकीट उघडण्यापुरतं वीस मिनिटं पुरे. पण ती वीस मिनिटं माझी मुलं आपल्या चुलत भावंडांशी जेवढं बोलतात तेवढं वर्षभरात बोलत नाहीत.

ज्यांच्याकडे झाडाला जागा नाही त्यांनी एक सुकी फांदी मातीच्या कुंडीत खोचली तरी चालते. वस्तू टांगायला फांदी लागते, बाकी काही नाही.

भटक्या

खरं झाड आणणाऱ्यांसाठी. घरी आणल्यावर बुंध्याचं टोक साधारण दोन-अडीच सेंटीमीटर कापून लगेच पाण्यात ठेवा. जुन्या कापावर चीक साकळलेला असतो, त्यातून झाड पाणी ओढत नाही. बुंध्याच्या जाडीच्या दर अडीच सेंटीमीटरमागे दिवसाला साधारण एक लिटर पाणी लागतं, आणि पहिल्या दिवसांत त्याहून जास्तही पितं. स्टँडमधलं पाणी कापाच्या खाली गेलं की सगळं मुसळ केरात.

हे काम एका मुलाला द्या. रोज सकाळी स्टँडमध्ये बोट बुडवून बघायचं आणि पाणी घालायचं. सजावट एका दिवसात संपते, ही जबाबदारी महिनाभर चालते. माझ्या पुतणीने फडताळाच्या दारावर कागद लावून रोज किती मग पाणी घातलं त्याची नोंद ठेवली होती. झाडाशी नातं जुळतं ते अशा रोजच्या कामाने, मला याची खात्री आहे.

पिंपळपान

वाचनमात्र होते, आज लिहिते. घरी करायच्या वस्तूंमध्ये मिठाचं पीठ कुणी सांगितलं नाही म्हणून. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी थोडंथोडं घालून घट्ट मळायचं. अर्धा सेंटीमीटर जाड लाटायचं, आकार कापायचे, आणि दोरा ओवायचं भोक स्ट्रॉने आधीच पाडायचं. भाजल्यावर पाडायला गेलं तर तुकडा पडतो. ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास, आतून पूर्ण वाळेपर्यंत. मग रंग, आणि दोन्ही बाजूंनी व्हार्निश.

आम्ही दरवर्षी मुलांच्या पंजाचा एक ठसा करतो. पहिल्या ठशात बोटं नीट उमटलीच नाहीत, कारण मूठ उघडेना. आता झाडावर ते ओळीने टांगलेले असतात आणि मुलगा प्रत्येकावर आपला हात ठेवून बघतो.

एक सावधगिरी: कुत्रा असेल तर हे त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. इतकं मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

जुनीपाने

खेळ हवा असेल तर काकडीचा आहे. काचेची हिरवी काकडी सगळ्यात शेवटी फांद्यांत आत लपवायची, नाताळच्या सकाळी जो पहिला शोधेल त्याला एक जादा भेट. ही जुनी जर्मन प्रथा म्हणून सांगितली जाते, पण बहुतेक जर्मन लोकांना ती ठाऊकही नाही. खेळ अमेरिकेत रुजला. तरी मुलांना झाडाकडे बारकाईने बघायला लावणारा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

अबोली

मंडळी, कालच आमचं झाड झालं म्हणून सांगायला आले.

थोरलीला दिवे दिले. तिने आदल्या रात्री कानात गाणी लावून एकटीने केलं, मी स्वयंपाकघरात राहिले. भटक्यांनी सांगितलं तसंच, फांदीच्या टोकापर्यंत नेऊन परत आत. दोनदा सगळं काढून पुन्हा केलं कारण तिला एका बाजूला अंधार वाटत होता. सकाळी धाकट्याने गोळे लावायला सुरुवात केली तशी ती शेजारी येऊन बसली. "तो दिवा झाकू नकोस" असं सांगायला आली होती, ती शेवटपर्यंत बसली. बरोबरीने फार काही टांगलं नाही. धाकट्याचा हात पुरत नव्हता तिथे त्याला उचलून धरलं, एवढंच. मला तेवढं पुष्कळ आहे.

आता प्रश्न ठेवणीचा. पिठाच्या वस्तू आणि काच एकत्र ठेवता का? आणि आवरायचं कधी?

पिंपळपान

एकत्र नको. पिठाच्या वस्तू टिश्यूत गुंडाळून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, कोरड्या जागी. व्हार्निश असलं तरी मीठ हवेतला ओलावा ओढतंच. काचेचे लहान गोळे अंड्यांच्या पुठ्ठ्यात छान बसतात.

चांदणवेल

अबोली, वाचून फार आनंद झाला!

आवरायला आम्ही ६ जानेवारी धरतो, तोही ठरलेला दिवस. दिव्यांची माळ पुठ्ठ्याच्या तुकड्याला खाच पाडून त्यावर गुंडाळायची, म्हणजे पुढच्या वर्षी गुंता नाही. आवरण्याचं कामही सगळ्यांनीच करायचं, त्यात सवलत नाही. प्रत्येकाने आपापल्या वस्तू स्वतः काढून स्वतः गुंडाळायच्या. गुंडाळताना तुटलेलं काही सापडलं तर वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर 'दुरुस्ती' असं लिहा. चिकटवायला नोव्हेंबरची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात करून टाकायचं.